साखऱ्याचा निरोप

पोर्टलेसी गावात आडनावं तीनच: फ्लेट, मेअर आणि स्लेटर. पहिली नावंही बापजाद्यांचीच, फिरवून फिरवून ठेवलेली. बंदरावर उभं राहून कोणी ‘विल्यम फ्लेट’ अशी हाक मारली, तर निम्मं बंदर वळून बघेल आणि उरलेलं थडग्यातून ओ देईल. म्हणून इथे प्रत्येक घराला एक टोपणनाव असतं. ते बापाकडून लेकाकडे येतं आणि टपालवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे तेच वापरतात. आपल्या विलीचं घराणं ‘बटण’. कुठल्याशा खापरपणजोबाने लग्नाच्या कोटाला पितळेची बटणं लावली होती. कोट गेला, खापरपणजोबा गेला, बटण राहिलं.

विली बटण आता त्र्याहत्तरीचा होता. गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. युद्धात तो नौदलात होता आणि त्याची दोन पदकं त्याच्या बायकोने, एल्स्पेटने, शिवणाच्या डब्यात टाकून ठेवली होती. पदकांचं त्याला काही नव्हतं. पण एक गोष्ट त्याला आतून खात होती. त्याच्याकडे एका मेलेल्या माणसाचा निरोप होता, आणि तो पोचवायला पत्ता नव्हता.

निरोप तो केवढासा! ‘घरी सांग, आता गार लागत नाही.’ बस्, एवढाच. सांगणारा होता बोटीवरचा तरुण अधिकारी. बोटीवर त्याला साखऱ्या म्हणायचे. बेचाळीस सालच्या फेब्रुवारीत त्याने विलीला समुद्रातून वर काढलं आणि तो स्वतः गेला. विली तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुढे त्याचं लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली, ती सगळी त्या माणसाच्या जिवावर. आणि त्या माणसाचं खरं नाव काय, ते विलीला ठाऊक नव्हतं.

हसू नका. पोर्टलेसीत असं होऊ शकतं. नौदलाच्या कचेरीला विलीने दोनदा विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं, नाव कळवा. दुसऱ्यांदा आलं, त्या छोट्या बोटींची कागदपत्रं आता शिल्लक नाहीत, तरी नाव कळवा. ‘अरे शहाण्यांनो, नाव माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो!’ असं त्या पाकिटाला सुनावून विलीने ते चुलीत घातलं. बोटीवरचे बाकीचे एकेक करून गेले होते. आता उरला तो एकटा. आपण डोळे मिटले की निरोपही मिटला, हे त्याला रोज सकाळी बूट घालताना आठवायचं.

त्या दिवशी एप्रिलमधली बरी सकाळ होती. म्हणजे पाऊस आडवा नव्हता, उभा होता. विली बंदरावरच्या आपल्या खोपटात शेवंडीचे सापळे दुरुस्त करत बसला होता. हा त्याचा रोजचा उद्योग. सापळे पुतण्याचे, आणि विलीने दुरुस्त केलेले सापळे पुतण्या घरी नेऊन पुन्हा दुरुस्त करायचा, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, विलीला सोडून.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, करड्या रंगाचा कोट गळ्यापर्यंत बंद केलेला, बोलणं दक्षिणेकडचं, इंग्लंडचं.

“माफ करा हं,” ती म्हणाली. “युद्धात सुरुंग काढणाऱ्या बोटींवर होते असं कोणी गावात आहे का? दुकानातल्या मुलीने तुमच्याकडे पाठवलं.”

“मग बरोबर पाठवलं. बाकीच्यांना भेटायचं तर चर्चच्या मागे जावं लागेल. बसा.”

ती बसली नाही. “मी माझ्या वडिलांची चौकशी करतेय. मी जन्मायच्या आधीच ते गेले. ते पोर्टलेसीच्या लोकांबरोबर बोटीवर होते, एवढंच आईला माहीत होतं. लेफ्टनंट रॉस. जूलियन रॉस.”

आता इथे थांबून सांगायलाच हवं. कोळ्यांचे पोरखेळ म्हणून शहरातली माणसं नाकं मुरडतात, मुरडू देत. बोटीवर काही शब्द उच्चारायचे नसतात. डुक्कर म्हणायचं नाही, ससा म्हणायचा नाही, पाद्री म्हणायचं नाही. तशीच काही आडनावंही आहेत, आणि पोर्टलेसीत सगळ्यात वाईट ते हे, रॉस. का, ते कोणालाच माहीत नाही. कोणे एके काळी त्या आडनावाच्या माणसामुळे बोट बुडाली म्हणे. पहाटे बंदराकडे जाताना कोणाच्या तोंडून ते निघालं, तर माणसं जाळी खांद्यावरून उतरवून घरी परत जायची. आणि चुकून कानावर पडलंच, तर हाताशी असेल त्या लोखंडाला हात लावायचा आणि म्हणायचं, ‘गार लोखंड.’

विलीचा हात आपोआप बाकाच्या लोखंडी पायावर गेला. “गार लोखंड,” तो पुटपुटला. पुढे ती काय बोलली ते त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

“नाही बाई,” तो म्हणाला. “त्या नावाचा माणूस पोर्टलेसीच्या बोटीवर कधीच नव्हता. कोणी घेतलाच नसता. तुमच्या आईची काहीतरी चूक झाली असेल.”

बाईने त्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात अजून लोखंडावरच होता. “असं होय,” ती हळूच म्हणाली. “आईलाही हेच सांगितलं होतं.” आभार मानून ती निघून गेली. जाताना तिचे खांदे जरा पडल्यासारखे दिसले.

दुपारी तो घरी जेवायला आला. एल्स्पेटने धुरावलेल्या हॅडक माशाचं दुधातलं सार केलं होतं, बरोबर ओटची भाकरी. एल्स्पेट वरच्या अंगाची, शेतकऱ्याची लेक. कोळ्याने शेतकऱ्याच्या घरची मुलगी केली म्हणून विलीच्या आईने वर्षभर तोंड फिरवलं होतं. पन्नास वर्षं झाली, तरी बंदरावरच्या रीतीभातींपुढे एल्स्पेटने मान तुकवली नव्हती. विली समुद्रावर निघाला की ती मुद्दाम विचारायची, ‘रात्री डुकराचं मटण करू का रे?’

“एक बाई आली होती,” विली सार भुरकत म्हणाला. “इंग्लंडची. बाप शोधतेय. आणि बापाचं नाव काय, तर ते.”

“ते म्हणजे?”

“ते गं. आर वरचं.”

“रॉस?”

“एल्स्पेट! जेवताना तरी!” त्याने डाव्या हाताने लोखंडी चुलीची कड धरली. “सांगितलं तिला, असा माणूस इथे नव्हताच कधी.”

“आणि ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? गेली. बसथांब्यावर बसली असेल. बाप युद्धात गेला तिचा. बघितलाही नाही तिने.”

एल्स्पेटने पळी खाली ठेवली. “विली, तुझ्या साखऱ्याचं आडनाव काय होतं?”

“झालं! चालू झाली. माहीत असतं तर इतकी वर्षं भिंतीवर डोकं आपटत बसलो असतो का मी?”

“तेच विचारतेय. का माहीत नाही? आख्खा हिवाळा तुमच्या बोटीवर जेवला, झोपला तो माणूस. त्याच्या बायकोला दिवस गेलेत हे तुला माहीत. त्याला मांजरं आवडत नाहीत हे माहीत. नाव तेवढं माहीत नाही?”

“भोंग्याने सांगितलं नाही. कागद आला तो त्याने वाचला आणि चुलीत टाकला.”

“का टाकला?”

“मला काय माहीत का टाकला! बोटीचा तांडेल होता तो. तांडेलाला कोण विचारणार?”

“मी विचारते. असं काय होतं त्या कागदावर, की भोंग्याने ते कोणाला वाचूनसुद्धा दाखवलं नाही?”

 विलीने चुलीच्या कडेवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. सकाळी बाकाच्या पायावर गेलेला हाच तो हात.

त्याला ती सकाळ जशीच्या तशी दिसली. एकेचाळीसची थंडी सुरू झाली होती. ‘लिलियास’ ही बोट म्हणजे हेरिंग मासे पकडायचं जुनं गलबत. सरकारने ते युद्धासाठी घेतलं, राखाडी रंग फासला, पुढे एक बंदूक बसवली आणि जाळ्यांच्या जागी तारा दिल्या. माणसं मात्र तीच ठेवली. तांडेल अलेक मेअर, म्हणजे भोंगा. स्वयंपाकी डॉड. आणि सगळ्यांत लहान विली. असल्या बोटीवर एके दिवशी धक्क्यावरून एक उंच, गोरापान पोरगा चढला. नवाकोरा गणवेश, हातात पेटी, तोंडावर हसू. त्याने सलाम ठोकला आणि म्हणाला, ‘नवा दुसरा अधिकारी हजर आहे. माझं नाव...’

‘नाव नको!’ भोंगा असा ओरडला की धक्क्यावरचे पक्षी उडाले. त्याने पोराच्या हातातला कागद ओढून घेतला, वाचला, पांढराफटक पडला आणि खाली जाऊन चुलीत टाकून आला. ‘या बोटीवर कोणी नावाने राहत नाही. तुलाही एक मिळेल. तोवर गप बस.’

पोरगा बिचारा गोंधळला, पण हसला. दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉडने ओटची पेज वाढली तेव्हा तो सहज म्हणाला, ‘जरा साखर मिळेल का?’ पेजेत साखर! पोर्टलेसीत पेजेत मीठ पडतं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. डॉडच्या हातातली पळी पडली. ‘साखर म्हणतोय,’ तो सगळ्यांना सांगत सुटला, ‘पेजेत! साखऱ्या आलाय बोटीवर, साखऱ्या!’ नाव चिकटलं. पोराला ते इतकं आवडलं की तो स्वतःच स्वतःला तसं म्हणवून घ्यायला लागला. भोंग्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की बोट हलली.

विलीला तेव्हा वाटलं होतं, तांडेलाचा हा एक विक्षिप्तपणा. भोंगा पुढे जमिनीवर, बिछान्यात मेला, तेव्हाही विलीने विचारलं होतं. भोंग्याने नुसती मान हलवली. ‘साखऱ्या,’ तो म्हणाला. ‘तेवढं पुरे.’

“अरे देवा,” विली म्हणाला. “अरे देवा, एल्स्पेट! भोंगा कागद जाळेल, असं एकच नाव होतं गं. एकच!”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” एल्स्पेट म्हणाली. “ऊठ आता. बस येईल.”

बसथांबा चढावर होता. विलीचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. तो टोपी न घालताच निघाला. दोनदा थांबला, देवाला आणि भोंग्याला आळीपाळीने शिव्या घातल्या. अर्ध्या वाटेवर त्याला बस वळणावर दिसली. “थांबव गं ती!” तो ओरडला. एल्स्पेट त्याच्या पुढे निघून गेली होती. एप्रन तसाच, हातात पळी तशीच. ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बस करकचून थांबली.

“एल्स्पेट मावशी, वेड लागलंय का?” चालकाने काच खाली केली. “मला वेळापत्रक आहे!”

“वेळापत्रक गेलं खड्ड्यात. तुझा बाप कधी वेळेवर आला नाही, तू कुठला येतोस! विलीला येऊ दे.”

विली धापा टाकत दारापाशी पोचला. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि दाराच्या लोखंडी दांड्याला धरून लोंबकळत राहिला. बाई मागच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिच्यापर्यंत जायचं त्राण त्याच्यात नव्हतं. हाक मारायची, तर तिचं नाव तो ऐकायलाच विसरला होता. त्याला तिचं एकच नाव माहीत होतं.

सगळी बस त्याच्याकडे बघत होती. त्यात दोन स्लेटर होते, एक मेअर होती. विलीला आपला हात दिसला. दांडा घट्ट धरलेला. त्याने तो सोडला. सोडताना पडलाच असता, एल्स्पेटने मागून कोट धरला म्हणून राहिला.

“रॉस!” तो ओरडला. “अगं पोरी! रॉसच्या पोरी! उतर खाली!”

मेअरबाईने पिशवीची साखळी गच्च धरली. एक स्लेटर काहीतरी पुटपुटला. विलीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या बाकावरची बाई उभी राहिली होती.

“फेब्रुवारी बेचाळीस,” विली म्हणाला. “पाण्यात उडी मारली होती त्याने. होय की नाही?”

“हो,” ती म्हणाली. “एवढंच कळवलं होतं आम्हाला. पाण्यात उडी मारली आणि थंडीने गेले.”

“मी त्या पाण्यात होतो,” विली म्हणाला. “माझ्यासाठी मारली उडी.”

तिचं नाव डॅफ्नी. हे एल्स्पेटने घरी येईपर्यंतच्या उतारावर काढून घेतलं. शिवाय ती गणित शिकवते, तिला मूलबाळ नाही आणि आई गेल्या जानेवारीत गेली, हेही. स्वयंपाकघरात चुलीजवळची खुर्ची तिला दिली, तर ती म्हणाली, “मी इथेच बरी,” आणि दाराजवळच्या गार कोपऱ्यात कोट न काढता बसली. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

“आधी एक सांगा,” ती म्हणाली. “त्यांनी काही वाईट केलं होतं का? काहीही असलं तरी सांगा. आई युद्ध संपल्यावर, सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात इथे येऊन गेली होती. बंदरावर तिने नाव विचारलं, तर ‘असा कोणी नव्हताच’ म्हणत माणसांनी लोखंडाला हात लावले आणि पाठ फिरवली. एक म्हातारा तर दार लावून आत गेला. आईची खात्री पटली, की बाबांनी काहीतरी लाजिरवाणं केलं असणार. त्यानंतर ती कोणाशी त्यांच्याबद्दल बोलली नाही. माझ्याशीसुद्धा. आज सकाळी तुम्हीही हात लावलात.”

विलीने कपाळावर हात मारला. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तो गावात नव्हता, युद्ध संपलं तरी सुरुंग काढायचं काम चालूच होतं. तो म्हातारा कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही.

“भोंगा!” एल्स्पेट म्हणाली. “मेला म्हणून वाचला, नाहीतर आज या पळीने...”

“थांब गं,” विली म्हणाला. मग त्याने डॅफ्नीला सगळं समजावून सांगितलं: ते नाव, ते लोखंड, तो चुलीत गेलेला कागद. सांगताना त्यालाच ते ऐकवेना. “तुझ्या बापाने काहीच केलं नाही गं पोरी. आमच्या डोक्यात दगड भरलेत, दुसरं काही नाही. ज्या भोंग्याने दार लावलं ना, त्याच भोंग्याच्या मांडीवर तुझ्या बापाचं डोकं होतं, जाताना. तांडेल लहान पोरासारखा रडत होता.”

“सांगा मला,” डॅफ्नी म्हणाली.

मग विलीने सांगितलं. सुरुंग काढायचे म्हणजे दोन बोटी बरोबरीने जायच्या. त्यांच्यामध्ये पाण्याखालून एक तार. ती तार सुरुंगाचा दोर कापते, सुरुंग वर येतो आणि मग बंदुकीने तो फोडायचा. दिवसभर तेच, हेरिंगच्या जाळ्यांसारखं, फक्त यात मासा चुकला तर बरं. त्या दिवशी बर्फ पडत होता. विली मागच्या टोकाला तार सोडत होता आणि एका लाटेने त्याला अलगद उचलून पाण्यात टाकलं.

“आता बोट वळवायची, तर वळत नाही. दुसऱ्या बोटीशी बांधलेली ना. आधी तार तोडायची, मग वळायचं, तोवर मी कुठल्या कुठे. अंगावर मेणकापड, पायात गुडघाभर बूट. आणि पोहायला आमच्यात कोणालाच येत नाही. आमच्यात म्हणतात, पोहणारा फक्त बुडायला वेळ लावतो. शिवाय समुद्राने एकदा हात लावलेला माणूस परत मागू नये, असंही म्हणतात. म्हणजे भोंगा मला सोडून देणार होता असं नाही. तार तोडतच होता तो, हात रक्तबंबाळ झाले होते त्याचे. पण उडी मारावी, हे कोणाच्या डोक्यातच येणार नाही. तुझ्या बापाच्या आलं. त्याला आमचं काहीच माहीत नव्हतं बघ. ते एक बरं होतं.”

“ते चांगले पोहायचे,” डॅफ्नी म्हणाली. “शाळेत बक्षीस मिळालं होतं.”

“मासा होता मासा! आला, मागून माझी मान पकडली. मी घाबरून त्याला ठोसे मारतोय, आणि हा मला म्हणतोय, ‘बटणा, जरा दम धर, नंतर मार.’ माझे बूट त्याने काढले, कसे काढले देव जाणे. आणि बोट येईपर्यंत मला वर धरून ठेवलं. सारखा बोलत होता. मला झोपू देत नव्हता. तू पोटात होतीस तेव्हा. मुलगी व्हावी म्हणत होता. मुलगा झाला तर त्याला कुठल्यातरी बोटीवर पाठवतील, म्हणाला.”

डॅफ्नीने तोंडावर हात ठेवला. एल्स्पेट तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

“दोर टाकला. त्याने तो मला बांधला आणि मला आधी वर पाठवलं. मग तो आला. चालत चालत खाली चुलीपाशी गेला गं, स्वतःच्या पायांनी. आम्हाला वाटलं जिंकलो. डॉडने चहा केला आणि सगळ्यांची आठवड्याची साखर त्या एका मगात ओतली. तेव्हा साखर म्हणजे सोनं. तुझ्या बापाने घोट घेतला आणि म्हणाला, ‘चला, मीठ आज भरपूर झालं होतं.’ आम्ही किती हसलो. मी त्याच्या शेजारीच होतो, एकाच घोंगडीत, त्याचा हात माझ्या हातात. आधी तो थरथरत होता, मग थरथरणं थांबलं. माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बटणा, घरी सांग, आता गार लागत नाही.’ अगदी मजेत म्हणाला. तोंडावर हसू होतं. मला वाटलं, बरा होतोय. मी म्हटलं, ‘तूच सांग की, सुट्टीवर जाशील तेव्हा.’ त्याने डोळे मिटले. भोंग्याने डोकं मांडीवर घेतलं. मी वाट बघत राहिलो, की उठेल.”

विलीचे डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. “दुसऱ्या दिवशी मला तापाने धरलं. इस्पितळातून उठलो तोवर त्याला कुठेतरी घेऊन गेले होते. तेव्हापासून हा निरोप माझ्याकडे आहे. मी पोचवला नाही गं वेळेवर. पण तो अगदी असाच होता, यात एक शब्द माझा नाही. घरी सांग, आता गार लागत नाही.”

 डॅफ्नी दोघांकडे न बघता जमिनीकडे बघून बोलली.

“आई माझ्या खोलीत शेगडी पेटवायची. स्वतःच्या खोलीत तिने कधीच पेटवली नाही. हिवाळ्यात तिच्या खिडकीला आतून बर्फ धरायचा. मी भांडायचे तिच्याशी. ती म्हणायची, तो गारठून मेला, मी शेकत बसू का? शेवटी आजारी होती तेव्हा मी पांघरूण घालायचे आणि ती काढून टाकायची. मरताना तिचे हात एवढे थंड होते.” ती थांबली. “मलाही शेकोटीजवळ बसवत नाही. कधी लक्षातच आलं नाही, का ते.”

“जानेवारीत गेली ना?” विली म्हणाला. “तीन महिने. फक्त तीन महिने आधी तू सापडली असतीस, तर तिलाच सांगितलं असतं गं मी. तिच्यासाठी होता तो निरोप.”

“त्यांनी ‘घरी’ म्हटलं होतं ना,” डॅफ्नी म्हणाली. “घरात आता मीच आहे.”

तिने कोट उतरवला. एल्स्पेटने तो तिच्या हातातून घेतला. तिने चुलीचं दार उघडलं आणि आत आणखी कोळसे घातले.

डॅफ्नीने खुर्ची उचलली आणि पुढे आणली. “जरा सरकता का?” ती विलीला म्हणाली.

विली सरकला. तिने खुर्ची चुलीला अगदी लागून ठेवली, बसली, दोन्ही हात विस्तवापुढे धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.